एक्केचाळीस अंश

वेताळ टेकडी, खाणीची वरची कड.
मे महिना, नऊ वाजून गेलेत.
तस्नीम दगडाचा ताप बघते,
“एक्केचाळीस. लिहा, काका.”
मी लिहितो. निवृत्त माणसाला एवढं जमतं.

दगडावर सरडा. बोटाएवढा, मातकट,
असून नसल्यासारखा.
आणि एकदम गळ्याखाली
निळा पंखा उघडतो, मिटतो, उघडतो.

“हे कुणासाठी?”
“ती गवतात बसलीय, तिच्यासाठी.
मिटतो तो त्याच्यासाठी.”
बोरीवर खाटीक पक्षी,
शेजारच्या काट्याला टोचलेला नाकतोडा,
पाय अजून हलतोय.
“दगड गार असला तर पंखा उघडायचं त्राणच नाही.
फार तापला तर हा पळणार.”
म्हणजे हा सरडा थोडा दगडाचा,
थोडा तिचा,
थोडा त्या चोचीचाही.

पायवाटेपलीकडे गिरिपुष्पाची दाट रांग.
खाली दगड एकतीस.
गवत नाही. नाकतोडे नाहीत.
सरड्यांच्या रकान्यात मी शून्य भरतो.

“कुणी लावली ही झाडं?”

आम्हीच. आठवीत असताना, श्रमदानात.
राजगिऱ्याचे दोन लाडू मिळाले होते.
पहार दगडावर आपटून ठिणगी उडाली होती,
मुरूम वीतभरसुद्धा नव्हता.
सर म्हणाले, टेकडी उघडी पडलीय, झाका तिला.
उघडी कुणासाठी होती,
हे सरांना ठाऊक नव्हतं.
मला तर लाडवापलीकडे काहीच.

हे सांगावं म्हणून उठून तिच्याजवळ जातो.
ती दगडावरची नजर काढत नाही.
“काका, जरा बाजूला व्हा,
तुमची सावली पडतेय त्याच्यावर.”