उतरलात की राहता?

रस्ता दोनशे सत्तावीस. डांबर मागेच संपलेलं.
पाटी एकच, तिच्यावरही कुणीतरी नेम धरून पाहिलेला.
पुढे नळ नाही, संडास नाही,
पैसे घ्यायलासुद्धा कुणी बसलेलं नाही.
दिसेल तिथे उतरा, ओढ्यापासून शंभर पावलं सोडून.
चौदा दिवस. पंधराव्या दिवशी हला.
हे सांगायला मी:
सरकारी हिरवा शर्ट, ऑक्टोबरपर्यंतची नोकरी.

ग्रासियाना उर्रुतियाची जुनी पिकअप
अ‍ॅस्पेनच्या राईत, मागच्या चाकांना दगड लावून.
तिचं वय एकाहत्तर. कुत्रा आंधळा.
शिध्याची पिशवी दोरीने उंच, अस्वलाच्या हाताबाहेर,
आणि खाली, तिच्या हाताशी, मिरच्यांची बरणी.
"ही कशाला टांगू? त्याला झेपायची नाही."

मी फॉर्म काढला.
त्यात एक रकाना आहे, दोन चौकोनांचा:
उतरलात की राहता?
उतरलेल्याला चौदा दिवस. राहणाऱ्याला दंड.
ती म्हणाली, "आधी कॉफी घे."

कॉफीत राख होती. छान होती.

बॉयझीतलं घर गेलं, ते तिने एका वाक्यात सांगितलं,
भाड्याचा आकडा अर्ध्या वाक्यात,
आणि मग खड्डा कसा खणायचा ते सांगत बसली.
वीतभर खोल. वरचं ढेकूळ फोडायचं नाही,
गवतासकट उचलून बाजूला ठेवायचं,
झोपलेलं मूल ठेवावं तसं.
हे मीच लोकांना शिकवते. तरी ऐकून घेतलं.

मग मला एका झाडापाशी नेलं.
पांढऱ्या सालीवर काळं, फुगलेलं काहीतरी.
आजोबा इथे मेंढ्या घेऊन यायचे,
पिरेनीजच्या डोंगरातून आलेलं पोर,
इंग्रजी येईना, बोलायला दोन हजार मेंढ्या.
चाकूच्या टोकाने नुसती रेघ ओढायची, केसाएवढी.
पुढचं झाड करतं.
ते जाड होत जातं, तशी रेघ रुंदावते.
बेन्यात. एकोणीसशे सव्वीस.
खाली एक घर. दार. धुराडं.
"कोरलं तेव्हा त्याचं त्यालाही नीट दिसलं नसेल," ती म्हणाली.
"तो वारल्यावर मला वाचता आलं."

मी सांगणार होते, झाडावर कोरणं गुन्हा आहे.
पण इतकं जुनं कोरलेलं वारसा ठरतं,
मग त्याला हात लावणं गुन्हा.
एकाचं दुसरं नेमकं कोणत्या रात्री होतं
ते मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही.

झाड आतून पोखरलं होतं. शेंड्याला पानच नव्हतं.
अ‍ॅस्पेन शंभरी क्वचितच ओलांडतं
हे तिला माहीत होतं, मलाही.
आम्ही दोघी वर बघत नव्हतो.

विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड असतं.
त्याला कुणी विचारत नाही, उतरलास की राहतोस.
दोन्ही चौकोन मी कोरे ठेवले.

पंधराव्या दिवशी सकाळी गेले.
चुलीचे दगड जिथून उचलले तिथे परत,
दगडफुलाची बाजू वर.
राख पसरून वर पाइनच्या सुया.
तरी मी हाताची उलटी बाजू जमिनीला लावली,
ताप बघतात तशी. गार.
शोधलंही थोडं. मिरचीचं देठ, कुत्र्याचा केस.
चाकांखालचं गवत फक्त अजून उठायचं होतं.

वहीत लिहिलं: जागा स्वच्छ.
मान वर केली तर पलीकडच्या खोऱ्यात,
नियमाचे पाच मैल मोजून,
झाडांच्या डोक्यावर धुराची रेघ.
केसाएवढी.
ती मी लिहिली नाही.

शुक्रवारी माझा हंगाम संपतो.
क्वार्टरची किल्ली परत द्यायची आहे.
काल रात्री गाडीची मागची सीट पाडून पाहिली.
पाय मावतात, थोडे दुमडले तर.