आत्याचा मान

तीन रात्री टाकीवर चढून, रेंज धरून
मोबाइलात शोधलं:
शार्लोत.
फ्रान्सातलं. पार नागपुरातही कोणाचं नसंल.

बारशाले कानात कुर्र केलं,
पोट्टीनं नाक मुरडलं.
ग्रामसेवक म्हणे, ट का त, एकदाचं ठरवा.
पर्बता म्हणे, काहून वो इतलं लांबचं?
माहं नाव कचरा हाय, मावशी.
मंग ते काही बोलली नाही.

कवडूमामाले कमी आयकू येते.
चारोळी? वा! औंदा पायलीभर आणतो.
तवापासून गाव तेच म्हणते.
मी भांडली. दोघींशी तं अबोलाच.

दाखला पेटीत हाय, घडी करून.
शार्लोत म्हटलं तं पोट्टी वळत नाही.
परवा मोहाखाली, झोळीत,
कोणी नाही पाहून
मीच म्हटलं हळू, चारोळी

चारही दात दिसले.