मुका ध

तोर्सहावनच्या धक्क्यावर वारा चढला
की आधी बोटी थांबतात,
मग कॉफीवाल्याची पाटी आत जाते,
मग आमचं ऑफिस सुरू होतं.
फेरी रद्द. दोनशे सतरा तिकिटं.
तेवढेच परतावे, तेवढेच निरोप:
आज बोट नाही, पैसे परत येतील.

पूर्वी हे निरोप सर्व्हरच्या आठवणीत
रांग लावून उभे असायचे,
आणि वीज गेली की आठवणही जायची.
त्या नोव्हेंबरात एक्केचाळीस माणसं
पहाटे सामान घेऊन धक्क्यावर आली.
रन्वाने सगळ्यांना कॉफी पाजली, शिव्या ऐकल्या,
सोमवारी कोपनहेगनच्या सल्लागारांनाही ऐकून घेतलं:
वेगळं यंत्र घ्या, वेगळी रांग, वेगळं भाडं.
"आपल्या बोटी किती?" तिने विचारलं.
नऊ.
"मग एक टेबल पुरे."

जिथे तिकीट, तिथेच काम.
तिकीट रद्द झालं, पैसे परत करायचेत,
हे दोन्ही एकाच दमात लिहायचं.
लिहिलं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.
मध्येच वीज जाऊ दे, समुद्र आत येऊ दे,
सकाळी टेबलाला विचारलं
तर ते काल थांबलं तिथूनच सांगू लागतं.

रात्रभर तीन वर्कर त्याच्याशी येतात.
चेहरे नाहीत, नुसते क्रमांक.
दर पाच सेकंदांनी: आहे का काही?
नाही.
आहे का काही?
ज्या ओळीवर एकाचा हात, तिला दुसरा शिवत नाही,
ताटकळतही नाही, पुढची उचलतो.
चाळीस वर्षं बोटीवर तिकिटं फाडलेला तुम्मस
एकदा माझ्या खांद्यावरून हे बघत होता.
म्हणाला, "खलाशी असे मिळाले असते
तर निम्मी भांडणं वाचली असती."
आणि मग, टोपी शोधता शोधता,
"पण जेवताना बोललो कशावर असतो?"

मार्चमधल्या एका रात्री एक ओळ लाल झाली.
एकच परतावा. हेइन, एक माणूस, एक सायकल.
प्रयत्न: सहा.
एका मिनिटाने, मग चार, मग सोळा,
मग तासाने, मग चार तासांनी,
दार न उघडणाऱ्या भावाकडे
माणूस जसा खेपा लांबवत जातो.
शेवटच्या रकान्यात बँकेचं उत्तर:
अक्षर ओळखता आलं नाही.

त्याच्या नावात मधोमध एक ध आहे,
मानेवर आडवी काडी असलेला.
आम्ही तो लिहितो, बोलत नाही.
शाळेत तो चुकला म्हणून मी मार्क घालवलेत,
आजीच्या थडग्यावर तो कोरलाय,
जिभेवर मात्र कुणी घेत नाही.
बँकेने त्याच दुपारी यंत्र बदललं होतं,
आणि आमच्या तोंडात कधी न आलेलं अक्षर
तिच्या घशात जाऊन अडकलं होतं.

साधा द टाकला असता तर काम तेव्हाच झालं असतं.
रात्रीचे तीन. कोण बघतंय?
मी टाकलाही. मग पुसला.
हेइनच्या मागे ऐबियर्ग येणार होती, ऐवुन येणार होता,
निम्मं बेट याच अक्षराचं.
उजाडेपर्यंत मी तो ध
बँकेला गिळता येईल असा शिजवत बसले.
मग त्या ओळीपुढे लिहिलं: थांबलेलं.
पाच सेकंद.
वर्कर क्रमांक दोनने ती उचलली.
झालं.

नऊ वाजता हेइनचा फोन.
पैसे आल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं.
त्याला विचारायचं होतं, गुरुवारच्या बोटीत
सायकलऐवजी मेंढा चालेल का.

झालेली कामं तीस दिवसांनी पुसायची,
हेही एक कामच आहे,
त्याच टेबलात, सगळ्यांत खाली.
एप्रिलमध्ये तेच येऊन
हेइनची ओळ घेऊन गेलं.
मी तेव्हा जेवत होते.