भिंगरीचं ठिकाण

जतहून टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांमागे बसून
आली भिंगरी. कारवानी.
बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
पळायला लागली की सावली मागे राहते, म्हणायचे.
पण पहिल्याच बाराला
शेपूट पोटात घालून ओढ्यात शिरली
ती दुसऱ्या दिवशी सापडली.
मामा फोनवर म्हणाला, निकामी आहे.
बघ कुणाला हवी तर. नाहीतर...
पुढचं बोललाच नाही.

मुंबईत शांत घर!
हसले लोक.
भांडुपला एक रात्र राहिली, समोर लग्नाचा हॉल.
गिरगावात मालूताईंनी दूधभाकर घातली
तर खाली ढोलपथकाचा सराव.
दहिसरला विचारलं, भुंकते का?
नाही म्हटलं,
तर म्हणाले, मग उपयोग काय?

शेवटी चकाल्याच्या तळघरात मिस्किटा.
सिनेमाला आवाज पुरवणारा माणूस.
करवंट्यांचे घोडे, कोबीची मोडकी हाडं,
आणि गोळीबार
रेक्झिनच्या खुर्चीवर लाकडी पट्टी हाणून.
मी दारातूनच म्हटलं, इथे नको.
तो म्हणाला, बसू दे की.

पट्टी त्यानं आधी तिला हुंगायला दिली.
मग फटाक्.
कान मागे. अंगभर कापरं.
पुन्हा पट्टी नाकाशी.
पुन्हा फटाक्, जरा हळू.
दुपार गेली त्यात, त्याचं कामही बुडालं.

दिवाळीत अजून टेबलाखालून निघत नाही.
पण परवा गेले तेव्हा
पडद्यावर माणसं धडाधड मरत होती
आणि ही खुर्चीत, चारी पाय पसरून, घोरत.
उठवायचं कसं, म्हणून मिस्किटा
आपल्याच मांडीवर
पट्टी मारत होता.