विसानंतर

मार्केटातून लसणाची गोणी टेम्पोने येते
तुर्भे स्टोअरच्या चढापर्यंत.
पुढे ती बायकांच्या डोक्यावरून डोंगर चढते,
घराघरांत सांडते,
आणि सकाळी सोललेली होऊन खाली जाते.
किलोमागे किती सुटतात, मी विचारत नाही.
विचारलं की कालिंदा हसते
आणि हसताना बोटं पदरात घेते.

तिचा नागेश माझ्या अंगणवाडीत.
साडेतीन वर्षांचा, दहा किलो आठशे,
तक्त्यावर पिवळा, लालच्या अगदी कडेला.
काट्याला टांगलं की बाकीची पोरं आभाळ डोक्यावर घेतात.
हा नुसता लोंबकळतो,
खालच्या जमिनीकडे बघत.
रडत नाही. बोलत नाही.

तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी पाठीमागे ताटली वाजवली.
नागेश वळला.
कान ठीक, असं लिहून ते पुढच्या वस्तीत गेले.
त्या दिवशी मोबाईलने विचारलं,
गृहभेट दिली का?
मी "हो" दाबलं.
दाबलं आणि मग लाज वाटून
खरंच गेले.

पत्र्याखालची खोली. दारात चपला, आत लसूण.
"बसा बाई," कालिंदा म्हणाली, पण हात थांबेनात.
हात थांबले की पैसे थांबतात,
हे तिनं सांगितलं नाही, मला दिसलं.
मग मीही गोणीपाशी मांडी घातली.
वही पिशवीतच राहिली.

अर्धा किलो सोलून होईपर्यंत आम्ही काहीच बोललो नाही.
माझी नखं चुरचुरायला लागली.
नागेश सालपटांत बसून
एकेक फुंकून उडवत होता.
मी म्हटलं, "त्याच्याशी बोलत जा गं."
"काय बोलू, बाई?
लेकराशी बोलायला काय असतंय?
दिवसभर तोंड मिटून काम, तोंड उघडलं की भांडण."
"काहीही बोल. ही पाकळी, हे साल.
मोज त्याच्यासमोर. एक, दोन."
ती थांबली. पहिल्यांदाच हात थांबले.
"मला विसापर्यंतच येतंय."
मी म्हटलं, "वीस पुष्कळ झाले."

निघताना तिनं मूठभर लसूण कागदात बांधून दिला.
घेऊ नये असा नियम आहे.
घेतला.

नंतर दोन महिने काही झालं नाही.
हे मुद्दाम सांगते, कारण मीटिंगमध्ये
सगळ्यांना लगेच काहीतरी झालेलं हवं असतं.
वजन शंभर ग्रॅमनं वाढलं, मग हगवण लागली, तेही उतरलं.
खाऊची पाकिटं उशिरा आली.
खोलीचं भाडं थकलं, मालक दारात येऊन गेला.
भारजाबाई रोज मटकीची उसळ शिजवत राहिली.

मग एक मंगळवार.
पोरं रांगेत ताटल्या घेऊन बसलेली.
नागेश उठला, माझ्या पदराला न धरता,
आणि पहिल्या पोराच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाला,
"एक."
आवाज जाडसर, लसणासारखा झोंबणारा,
इतके दिवस कुठं ठेवला होता कोण जाणे.
दोन. तीन. भारजाबाईचा डाव हवेतच राहिला.
अठरा. एकोणीस. वीस.
रांगेत पोरं तेवीस होती.
एकविसाव्या डोक्यावर बोट टेकलं,
तो क्षणभर थांबला, आणि शांतपणे म्हणाला,
"एक."
दोन. तीन.
मी चूक दुरुस्त केली नाही.
त्याच्या आईचे आकडे जिथं संपत होते
तिथून तो परत तिच्या दारात गेला होता.

ॲपमध्ये यासाठी रकाना नाही.
वजन भरलं, उंची भरली,
नेटवर्क गेलं, परत भरलं.

दुपारी पोरं घरी जायच्या वेळी कालिंदा आली,
डोक्यावर रिकामी गोणी घडी घालून.
आत आली नाही. खिडकीच्या गजाला धरून उभी,
इकडंतिकडं बघत, उसनं मागायला आल्यासारखी.
"बाई, एक विचारू?
विसाच्या पुढं काय असतंय?"

मी तोंड उघडायच्या आत
पातेलं घासणारी भारजाबाई
मान वर न करताच म्हणाली,
"एकवीस गं. ये, बस."