चौदावा निबंध

यादी करतोय: एकूण एक्केचाळीस.
मुतखडे, न उतरलेले वृषण, मूत्रनळीच्या दुरुस्त्या;
तीन ठिकाणी माझंच आडनाव चुकलंय.

चौदावा. मुलगे सव्वीस, बरे चोवीस,
एकाला पुन्हा टाके.
एक 'पाठपुराव्यातून सुटला'.

तो निवतीचा लवू मेथर, वय चार.
बसून मुतायचा, पोरं हसायची.
नळी काढली त्याच संध्याकाळी बापानं उचलून नेला,
होडी खोळंबली होती.

काल निवतीच्या बंदरावर
होडीच्या कडेला पाठमोरा एक जण,
उभा.
धार सरळ, लांब, वाऱ्याला न जुमानता.

वळला, ओशाळला.
"डॉक्टरानू, वळाखलात? मिया लवू."
बांगड्यांचे पैसे मात्र पुरे घेतले.

घरी तक्ता दोनमध्ये
चोवीस खोडून पेन्सिलीनं पंचवीस केले.
कागदाला बोटांचा वास लागला.