नाराकु

उचिकोला उतरले ती मी एकटीच.
नकाशावर दोन खुणा:
मेणबत्तीवाल्यांची गल्ली, लाकडी नाट्यगृह.
गल्ली दहा मिनिटांत संपली,
मेणबत्ती घेतली एक, वाकड्या वातीची.

नाट्यगृहात आज खेळ नव्हता.
कुरामोची आजोबांनी बूट काढायला लावले,
रंगमंचाकडे पाहूही दिलं नाही,
थेट जिन्यानं खाली.
डोकं सांभाळा, म्हणाले, आपटल्यावर.

खाली गार दगड. मधोमध खांब,
त्याला चार दांडे, तळव्यांनी गुळगुळीत झालेले.
इथून चौघं ढकलायचे
तेव्हा वर राजवाडा फिरून समुद्र व्हायचा.
वीस वर्षं ढकलला.
आणि नाटक?
छे, एकही पाहिलं नाही.
पण राणी कोण, पावलांवरून सांगायचो.

या तळघराला म्हणतात नाराकु.
नरक, मी म्हटलं,
आमच्याकडचाच शब्द.
एवढा लांब चालत आला
आणि इथं कामाला लागला.

ते हसले. समोरच्या दांड्याकडे बोट केलं.
माझ्या मोडक्या जपानीत मी 'एक, दोन' म्हटलं
आणि लावला जोर.
वर रिकामा रंगमंच
कुरकुरला, हातभर सरकला.

बस, म्हणाले धापा टाकत,
आता वर समुद्र आहे.